ठिवू का सोडू?

धंद्यात माणूस काय कमावतो ते नंतर बघू, किस्से मात्र आपोआप साठतात. आमच्या दुकानात ते जुन्या कीबोर्डांसारखे साठलेत. कुठलाही उचलून उलटा केला की काहीतरी पडतंच.

आमचं दुकान म्हणजे मी आणि बसगोंडा, सगळ्यांचा बसू. राजारामपुरीत एका क्लासच्या जिन्याखाली बसतो. ऑफिसांच्या कॉम्प्युटरवर लिनक्स आणि बाकीची ओपन सोर्स, म्हणजे कुणालाही फुकट वापरता आणि आतून बदलता येणारी सॉफ्टवेअर बसवायची, माणसांना शिकवायची, पुढं निगा राखायची, एवढंच आमचं काम. चोरून कॉपी केलेलं सॉफ्टवेअर कुणाच्याही मशीनवर टाकायचं नाही, हे पहिल्याच दिवशी ठरलं होतं. कोल्हापुरात असलं काही चालायचं नाही, असं इतक्या लोकांनी सांगितलं की आम्ही हट्टालाच पेटलो. त्या हट्टाचा मला आजही अभिमान आहे.

पण हट्टावर शटर उघडं राहत नाही. एक मोठं ऑफिस हाती लागलं तरच दुकान टिकणार होतं, आणि आमची नजर होती मार्केट यार्डातल्या अण्णांच्या गुळाच्या अडतीवर. अण्णा जे वापरतील तेच सगळं मार्केट वापरतं. अण्णा आले तर सगळे आले, अण्णा गेले तर आम्ही जिन्याखालून बाहेर.

अण्णांपर्यंत पोचायच्या आधी मात्र बरंच काही व्हायचं होतं.

*

आमचं पहिलं गिऱ्हाईक शिवाजी पेठेतलं. बाबूराव, चपलांचे होलसेल व्यापारी. बसूनं त्यांना ओपन सोर्स म्हणजे काय ते अगदी मन लावून समजावलं. बाबूराव मान हलवत होते, त्यामुळं पटतंय असं आम्हाला वाटलं.

सगळं ऐकून झाल्यावर ते उठले, दार लोटून घेतलं आणि हळूच विचारलं, "सोर्स कुणाचा हाय? आमदाराचा का मंत्र्याचा?"

आपल्याकडं सोर्स म्हणजे वशिला. तो गुपचूप लावायचा असतो, हे सगळ्यांना ठाऊक. ही दोन पोरं तो ओपन करून गावभर सांगत फिरतायत, याचीच त्यांना काळजी लागली होती.

मी म्हटलं, काका, कुणा एकाचा नाही, सगळ्यांचा आहे. त्यावर ते जास्तच घाबरले. "सगळ्यांचा म्हंजे कुणाचाच न्हाय की. काम अडलं तर फोन कुणाला लावायचा?"

बसूनं खिशातून आपलं कार्ड काढून त्यांच्या पुढ्यात ठेवलं. ते कार्ड आजही बाबूरावांच्या टेबलाच्या काचेखाली आहे. बसूच्या नावावर त्यांनी पेनानं काट मारलीय आणि वर लिहिलंय, 'सोर्स'.

*

दुसरी अडचण 'फुकट' या शब्दाची. हे सॉफ्टवेअर विकत घ्यावं लागत नाही म्हटलं की लोकांचा चेहरा उतरतो.

लेथ वर्कशॉपवाले दिनकरमामा त्यातलेच. तालमीत वाढलेला माणूस, कान मोडलेले, आवाज मशीनच्या वर. "फुकट हाय म्हंजे बोगस असणार," त्यांनी निकाल देऊन टाकला.

बसूनं शांतपणे विचारलं, "मामा, डाव शिकवायला तुमच्या वस्तादांनी काय घेतलं?"

वस्तादांचं नाव निघताच मामांचा हात कानाला गेला. त्यांनी काहीच घेतलं नव्हतं, म्हणाले.

"मग डाव बोगस हुते?"

मामा उठून उभे राहिले. आता हे बसूला उचलतात, अशी माझी खात्री झाली आणि मी दाराकडं सरकलो. बसू मात्र बोलतच राहिला. कुणीतरी डाव काढला, उघड्यावर ठेवला. ज्याला यायचं त्यानं यावं, शिकावं, जमलं तर सुधारावा आणि पुढच्याला दाखवावा. हे सॉफ्टवेअरही असंच तयार होतं, एवढंच त्याचं म्हणणं होतं.

मामा बसले. आखाड्यातल्या मातीला करतात तसा त्यांनी कॉम्प्युटरला नमस्कार केला. आता तेच आमच्यापेक्षा चांगलं समजावून सांगतात. कुठल्याही लग्नात भेटले की चारचौघांत दंडाला धरून म्हणतात, "माझ्या मशीनवर तांबड्या मातीतलं सॉफ्टवेअर हाय."

*

राजारामपुरीतच एक डॉक्टर मॅडम आहेत. त्यांच्या दवाखान्यातलं जुनं मशीन सकाळी सुरू झालं की लाल चौकटी उघडायच्या, धोक्याच्या सूचना यायच्या, काहीतरी कायम संपत आलेलं असायचं. आम्ही लिनक्स बसवून आलो.

आठवड्याभरात मॅडमचा फोन आला. कॉम्प्युटर बिघडलाय, काहीच म्हणत नाही. आम्ही धावत गेलो. पेशंटची नावं चढत होती, केसपेपर छापले जात होते, सगळं सुरळीत चालू होतं. नक्की काय होतंय, असं आम्ही विचारलं, तर काहीच होत नाहीये हीच तर तक्रार आहे, असं त्या म्हणाल्या.

बसूनं मशीनच्या डोक्यावर हात ठेवून सांगितलं, "बरं झालंय त्ये."

मॅडमनी आमच्याकडं जरा काळजीनंच बघितलं. "पेशंट बरा झाला की परत येत नाही, हे मला माहिताय. तुमचं कसं चालायचं?"

आमची काळजी करणारं ते पहिलं गिऱ्हाईक. बाहेर आल्यावर आम्ही दोघंही बराच वेळ हसत होतो, आणि खरं सांगायचं तर छाती थोडी फुगली होती.

*

पेठेत फ्लेक्स छापणारा सचिन हा आमचा सगळ्यात सोपा ग्राहक वाटला होता. त्याला सगळं एका बैठकीत पटलं. मशीन लावून आम्ही निघालो आणि तो फुटबॉलची मॅच बघायला गेला.

कोल्हापुरात पेठेचा फुटबॉल संघ म्हणजे घरचाच माणूस, आणि मॅचमध्ये सचिनचा संघ हरला. परत येऊन त्यानं कॉम्प्युटर सुरू केला, तर स्क्रीनभर समोरच्या संघाचा रंग! आम्ही काही लावलेला नव्हता, सिस्टिमबरोबर आलेला होता तो. पण हे सचिनला कोण सांगणार? त्याचा फोन आला तेव्हा मागं आणखी चारपाच आवाज होते. आम्हाला कुणी पाठवलंय, हे त्यांना आधी समजून घ्यायचं होतं.

बसू जाऊन रंग बदलून आला. पडदा, पट्ट्या, अगदी माउसचा बाणसुद्धा सचिनच्या संघाच्या रंगात करून दिला. सचिन थक्क झाला. आतलं सगळंच असं बदलता येतं का, असं त्यानं विचारलं, आणि बसू म्हणाला, "म्हणून तर उघडं ठेवलंय."

तेव्हापासून नव्या गिऱ्हाइकाला किती मशीन आहेत ते आम्ही नंतर विचारतो. आधी विचारतो, संघ कुठला.

*

आणि मग एकदाचे अण्णा भेटले.

अण्णा कागलचे. घरी कन्नड, बाजारात मराठी. बसूचं गावही सीमेकडचं, त्यामुळं दोघं जे कन्नडमध्ये सुरू झाले ते थांबेचनात. मी आपला एकदा याच्याकडं, एकदा त्यांच्याकडं बघून हसत होतो. बाहेर पडल्यावर विचारलं, काय म्हणाले?

"बघू म्हणाले."

एवढ्या वेळात एवढंच? तर नाही, एक अटही होती. ऑफिसातून एक जरी तक्रार आली तर त्याच दिवशी जुनं परत बसवायचं.

सगळी मशीनं बदलली आणि दुसऱ्याच दिवशी मालूताईंचा फोन आला. अण्णांच्या ऑफिसचा सगळा कारभार मालूताईंच्या हातात. मी फोन स्पीकरवर टाकला आणि बसूला जवळ ओढलं.

"अवो, ह्यो कॉम्प्युटर कोर्टावानी बोलतोय."

आम्ही हौसेनं सगळं मराठीत करून दिलं होतं. फाईल बंद करायला गेलं की मशीन विचारायचं, 'दस्तऐवज बंद करण्यापूर्वी त्यातील बदल जतन करावयाचे आहेत काय?' मालूताईंच्या माहेरच्या जमिनीची केस चालू होती. दस्तऐवज हा शब्द दिसला की त्या घाबरून भलतंच बटण दाबायच्या. अण्णांना त्यांनी अजून सांगितलं नव्हतं, पण दुपारच्या चहाला ते येणार होते.

आम्ही चहाच्या आधी पोचलो. बसूनं मराठी शब्दांची फाईल उघडली आणि मालूताईंनाच विचारलं, काम झाल्यावर मशीननं तुम्हाला काय विचारावं?

"सरळ इचारायचं की. ठिवू का सोडू?"

बसूनं तेच लिहिलं. खाली तीन बटणं केली: लिहिलेलं जपायला 'ठिव', पुसून टाकायला 'सोड' आणि 'थांब जरा'. अण्णा आले, त्यांनी स्क्रीन वाचली, चहा संपवला आणि बसूला आपल्या टेबलावरच्या मशीनकडं बोट दाखवलं. तिथंही तसंच करून पाहिजे होतं.

जगभरच्या माणसांनी मिळून केलेलं सॉफ्टवेअर त्या दिवशी मालूताईंच्या तोंडचं बोलायला लागलं.

*

गेल्या उन्हाळ्यात एका मोठ्या कंपनीचा माणूस अण्णांकडं आला. टाय, चकचकीत बॅग, बोलणं एकदम गुळगुळीत. अण्णांनी आम्हालाही बोलावून घेतलं होतं. कशाला, ते कळेना. आम्ही भिंतीकडच्या बाकावर बसलो.

त्यानं कंपनी केवढी, माणसं किती, सेवा कशी, सगळं सांगितलं. मग आमच्याकडं न बघता म्हणाला, "यांच्याकडं काय आहे साहेब? दोन माणसं आणि एक जिना." हे लागलं, कारण ते खरं होतं.

अण्णा सगळं ऐकत होते. शेवटी म्हणाले, "पावणं, बोलताय ते चांगलं हाय. कागदावर घ्या की." आणि आपल्या टेबलावरचा कीबोर्ड त्यांनी त्याच्यापुढं सरकवला. मालूताई प्रिंट काढतील, म्हणाले.

तो टाइप करायला लागला. आम्ही बसवलेली सिस्टिम काढून टाकणार, आमचं काम बंद होणार, सगळ्या अटी. आमच्याच मशीनवर, कुठंही न अडता, कुणालाही काही न विचारता त्यानं अख्खा करार लिहिला. बसू छताकडं बघत होता. मी मनातल्या मनात शटर खाली ओढत होतो.

"झालं साहेब," तो म्हणाला आणि सवयीनं कोपऱ्यातल्या फुलीवर क्लिक केलं. चौकट उघडली. त्यानं ती वाचली, परत वाचली.

"ठिवू का सोडू? हे काय आहे?"

मालूताई प्रिंटरजवळ थांबल्या. अण्णांनी चष्मा लावला, खुर्ची पुढं ओढली.

"इचारतंय की," अण्णा म्हणाले, आणि माउस आपल्याकडं घेऊन 'सोड' दाबलं.