पाण्यावर ठेवलेली सुई

ट्रेनिंग कॉलेजातल्या मैत्रिणींनो, आज घडलेलं लगेच लिहून कळवते.

महायुद्ध संपल्यावर सोनईत मुलींची शाळा निघाली, तिथे मी शिकवते. काल पाण्यावर सुई तरंगवून दाखवली. आज माझ्या वर्गातल्या सुंदराचे वडील तिला शाळेतून काढायलाच आले. "बाई, पोरींना करनी शिकवता व्हय?"

ती गेली असती, तर बाकीच्याही गेल्या असत्या. मी वाटी पुढे केली. "तुम्हीच ठेवा सुई."

त्यांनी टाकली. बुडाली.

सुंदरा हळूच म्हणाली, "आबा, आडवी ठिवा. पान्यालाबी वरून साय असती."

या वेळी सुई तरंगली. ते बघतच राहिले. मग म्हणाले, "हिच्या आईला दावतो. सुई न्हेऊ का?"

सुंदरा वर्गात बसली. तुमच्या गावी कोणी असं दारात आलं, तर तुम्ही काय करता?