नॉर्मलचा फिका बँड

“मॅडम, रिपोर्ट टाईप करा. कॅरिअर आहे ना? मग अडलंय कुठे?” सर दारातूनच म्हणाले. मी जेलचा फोटो पुन्हा मोठा करून बघत होते.

“नॉर्मलचा बँड फिका आहे, सर.”

“फिका आहे म्हणजे आहेच की!”

सर आमच्या लॅबचे मालक, स्वतः पॅथॉलॉजिस्ट. कोविडच्या काळात त्यांनी बीडमध्ये पीसीआर मशीन घेतलं. साथ ओसरली आणि मशीन रिकामं पडलं. मग रीतसर परवानग्या काढून आम्ही थॅलसेमियाच्या तपासण्या सुरू केल्या. मशीन त्यांचं, उत्साहही त्यांचाच. संशय घेण्याचं खातं तेवढं माझ्याकडे.

बाहेर बाकावर धारूरकडची सुनीता बसली होती, सोबत नवरा बाळू आणि सासू. नवरा तिचा सख्खा आतेभाऊ, त्यामुळे सासूला ती आत्याच म्हणायची. त्यांची पहिली मुलगी पिंकी थॅलसेमियाची. तिच्या अंगात धड रक्त तयार होत नाही, दर काही आठवड्यांनी दवाखान्यात नेऊन भरावं लागतं. आता सुनीताला पुन्हा दिवस गेले होते. पोटातल्या बाळालाही तोच आजार आहे का, एवढं त्यांना कळायला हवं होतं.

हा आजार जीनमधलं एखादं अक्षर बदलल्यानेही होतो. त्या जीनच्या प्रत्येकाकडे दोन प्रती असतात, एक आईकडून आलेली, एक बापाकडून. एकच बिघडलेली असेल तर माणूस कॅरिअर, म्हणजे तसा धडधाकट. सुनीता आणि बाळू दोघंही असेच, आणि दोघांत बदललेलं अक्षरही एकच. दोन्ही बिघडल्या तर आजार. तपासणीसाठी बाळाच्या वारेचा अगदी छोटा तुकडा काढतात. त्यातला डीएनए आम्ही दोन ट्यूबमध्ये लावतो. एकीत नॉर्मल अक्षर ओळखणारा प्रायमर, म्हणजे डीएनएचा इवलासा तुकडा, दुसरीत बदललेलं ओळखणारा. ज्या ट्यूबमध्ये ओळख पटते तिथे डीएनएच्या प्रती वाढतात आणि जेलवर, म्हणजे जेलीसारख्या पातळ वडीवर, चमकती रेघ दिसते. तिला आम्ही बँड म्हणतो.

बाळाचे दोन्ही बँड आले होते. म्हणजे कॅरिअर, म्हणजे आनंदीआनंद. पण शेजारी तुलनेला लावलेले आईबापाचे दोन्ही बँड सारखेच चमकत होते आणि बाळाचा नॉर्मल बँड मात्र मरगळलेला. वार आईच्या शरीराला चिकटलेली असते. तुकड्यासोबत आईच्या पेशी आल्या असतील, तर तो नॉर्मल बँड आईचा असू शकतो. तसं असेल, तर बाळाकडे नॉर्मल प्रत एकही नव्हती. म्हणजे कॅरिअर नव्हे, आजार.

“सर, आईच्या पेशींची भेसळ आहे का ते बघते. तोवर रिपोर्ट नाही.”

“अहो, सकाळपासून ताटकळलेत ते. मी सांगून बसलोय, चांगलं दिसतंय म्हणून.”

“कुणी सांगायला सांगितलं होतं?”

मालकाशी असं बोलायचं नसतं. मी बोलले. मग थांबायला सांगायचं कामही माझ्यावरच आलं.

“आताच डॉक्टर म्हणले चांगलं हाय,” आत्या उसळल्या. “आन् आता थांबा म्हणता. कावून? पोरगी हाय म्हणून सांगंनात का तुमी?”

माझं डोकंच सटकलं. त्यांच्या मागे भिंतीवर, इथे गर्भलिंग तपासणी केली जात नाही, असा हातभर बोर्ड होता. आमच्या जिल्ह्यात तो बोर्ड सगळ्यांना पाठ आहे, विश्वास कुणाचाच नाही.

“आत्या, ते आम्ही बघत नाही आणि बघणारही नाही. मला आजाराचं सांगायचंय, आणि ते चुकीचं सांगायचं नाही.”

“पोरगी असू द्या न्हाईतर पोरगं,” सुनीता खाली बघत म्हणाली. “रक्त भरावं लागंल का न्हाई, तेवढंच सांगा.”

भेसळ ओळखायची रीत तशी सोपी. डीएनएत काही जागी एकच मजकूर लागोपाठ पुन्हा पुन्हा येतो. किती वेळा, ते माणसागणिक वेगळं, म्हणून तिथल्या तुकड्यांची लांबीही वेगळी, आणि जेलवर त्यांच्या रेघाही वेगळ्या उंचीवर. अशा जागेला मार्कर म्हणतात. आईच्या दोन प्रतींच्या दोन लांबींपैकी एकच बाळाकडे यायला हवी. दोन्ही आल्या, तर आई मिसळलीय.

पण पहिल्या मार्करला नवराबायकोच्या रेघा तंतोतंत सारख्या. बापाची कुठली, आईची कुठली, कळायला मार्ग नाही. दुसऱ्यालाही तेच. आत्या आणि सुनीताचे वडील सख्खी भावंडं. एकाच आजोबांचा माल दोन्हीकडे गेलेला. सर आता माझ्या खांद्यावरून बघत होते. त्यांनी चहा मागवला होता आणि तो प्यायचं विसरले होते.

तिसरा मार्कर आमच्याकडचा शेवटचा. त्याला नवराबायको वेगळे निघाले. बाळाच्या नमुन्यात बापाची एक रेघ होती आणि आईच्या दोन्ही.

“भेसळ आहे,” सर हळूच म्हणाले. “आता?”

“थोडा तुकडा राखून ठेवलाय.”

मायक्रोस्कोपखाली बाळाचा भाग पांढऱ्या, फांद्या फुटलेल्या धाग्यांसारखा दिसतो. त्याला चिकटलेला आईचा कण न् कण मी सुईने सोडवला. मग डीएनए काढण्यापासून सगळं पहिल्यापासून केलं. या वेळी मार्करमध्ये आईची एकच रेघ आली. तपासणी नीट चालल्याची खूण असलेला कंट्रोल बँड दोन्ही ट्यूबमध्ये ठणठणीत होता. नॉर्मलच्या ट्यूबमध्ये त्याखेरीज काही नव्हतं.

सर स्वतः बाहेर गेले. “मघाशी मी घाईने बोललो. चुकलं माझं,” ते म्हणाले आणि मग खरं काय ते सांगितलं.

“म्हंजी पिंकीवाणीच?” सुनीताने विचारलं.

“हो.”

बाळू उठून गेटबाहेर गेला. आत्या सुनीताच्या पाठीवर हात ठेवून बसून राहिल्या. पुढे डॉक्टरांशी बोलून त्या दोघांनी गर्भ न ठेवायचं ठरवलं. तो त्यांचा निर्णय. मला त्या दिवशी जेवण गेलं नाही.

वाईट निकाल आला की सगळेच म्हणतात, परत तपासा. चांगल्या निकालावर शंका घ्यायला कुणाला आवडत नाही. आमच्याकडे आता भेसळ तपासल्याशिवाय कुठलाच रिपोर्ट बाहेर जात नाही. हा नियम सरांनीच लावला.

पुढे सुनीताला पुन्हा दिवस गेले आणि ती आमच्याकडेच आली. या वेळी दोन्ही बँड सारखे चमकत होते. भेसळ नव्हती. मी जवळजवळ धावतच बाहेर गेले.

“बाळ कॅरिअर आहे, सुनीता. आजार नाही.”

ती हसली नाही. “चांगलं आलं ना? मग परत एकदा बघा, मॅडम.”

“बघितलंय गं.”

“परत बघा.”

मी आत गेले आणि परत बघितलं.