तीन अक्षरांची जागा

भिंगारच्या आमच्या ख्रिस्ती मंडळीत कुणी वारलं, की दफनाच्या वेळी शांतवन मास्तरांचं पद व्हायचंच. मी त्यांच्याच शाळेत दुसरीला शिकवायचो आणि पदाला पेटी वाजवायचो, त्यामुळे आतली भानगड मला ठाऊक होती. पद एकच होतं. 'जीवननौका पैलतीरी गेली' असं सुरू व्हायचं आणि पुढे नावासाठी तीन अक्षरांची जागा मोकळी असायची. तिथे मरिया नेमकी बसली. शमुवेल एका अक्षराने जास्त भरला, तर मास्तरांनी त्यालाही सुरात कोंबून बसवला.

"कविता सगळ्यांची हवी," मास्तर मला बजावायचे. "एकट्याचं रडगाणं चव्हाट्यावर कशाला?" भिंगारात नौका कुणी पाहिली होती, देव जाणे. उन्हाळ्यात आमचा पोहरासुद्धा धड भरत नाही. पण मंडळी माना डोलवायची, आणि पाळकसाहेब तर ते पद नव्या गीतसंग्रहात छापणार होते. त्या छापील पानात मास्तरांचा जीव अडकला होता.

त्यांची बायको रेबेका तेवढी हसायची. "माझ्या वेळी तरी नवीन करा हो," म्हणायची. त्रेचाळीसच्या मार्चात चार दिवसांच्या तापाने तीच गेली.

दफन चार वाजता होतं. घरात चूल पेटलेली नव्हती, म्हणून शेजारच्या लंकाबाईने पिठलं-भाकरी आणली. मास्तर वही उघडून बसले होते. रेबेका म्हणजे तीनच अक्षरं, पण ती त्यांच्याने लिहवेनात. दोन घास खा म्हणून मी ताट पुढे सारलं, तर ते भाकरीकडे बघतच राहिले. मग त्यांनी वहीचं पान उलटलं.

कब्रस्तानात त्यांनी मला पेटी वाजवू दिली नाही. नुसतं वाचलं:

"भाजली का बघायला कड मोडून तोंडात टाकायचीस,
तीस वर्षं मी चिडलो, अख्खी भाकरी वाढ म्हणालो.
आज अख्खी वाढलीय, रेबेका."

बस्स, एवढंच. पाळकसाहेबांनी घसा खाकरला. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. कवितेत कुठे पिठाचे हात घालतात? तेवढ्यात मागे लंकाबाईचा बांध फुटला. "मास्तर, आमच्या मालकाचं तुमाला कुनी सांगितलं? बशीत शेवटचा घोट माज्यासाठी ठिवायचे. मी म्हनायचे, उष्टं मला नगं. आता समदा च्या माजाच हाय." तिच्या मालकाचा आणि भाकरीचा काय संबंध, हे मला कळेना. पण मग एकेक जण डोळे पुसू लागला, आणि मीही.

"संग्रहात भाकरी शोभणार नाही, नौका छापू," असा निकाल पाळकसाहेबांनी दिला. मास्तर म्हणाले, "नौकाही नका छापू."

महिन्याभरात आमोस वारला. त्याची बायको मार्था मास्तरांकडे आली. "मास्तर, भाकरीचंच पद म्हना. नाव तेवढं ह्यांचं घाला."

मी मनात मोजून पाहिलं. बसत होतं.

मास्तर म्हणाले, "आमोस भाकरीची कड मोडायचा का?"

"न्हाई वो. त्यांनी कधी भाकरी थापली?"

"मग तो काय करायचा?"

मार्थाने दाराकडे पाहिलं. "भायेर निघालं की कडी ओढून बघायचे. आन अर्ध्या वाटंवरनं पुन्यांदा माघारी. मी लई तोंड सोडायचे, चोर काय न्यायला येतोय म्हनून." तिने पदर डोळ्यांना लावला. "आज तुमच्याकडं येताना मी दोनदा माघारी गेले."

मास्तरांनी टाक दौतीत बुडवला. मी पेटी उचलून कोपऱ्यात ठेवली.