फोटोतला जबडा

आईचं तोंड दोन बोटांपेक्षा जास्त उघडत नाही, हे घरात सगळ्यांत उशिरा मला कळलं. आणि मी लोअर परळच्या डेंटल लॅबमध्ये दात बनवते. दिव्याखाली अंधार.

भोईवाड्यातल्या आमच्या बुद्धविहारात वर्षावासाचे, म्हणजे आषाढ पौर्णिमेपासून आश्विन पौर्णिमेपर्यंतचे, तीन महिने रोज संध्याकाळी ग्रंथवाचन असतं. माझ्या लहानपणापासून ते आई करते. त्या वर्षी मात्र तिने पुस्तक शेजारच्या बाईंकडे दिलं. घसा बसलाय म्हणाली. चार दिवसांनी भाकरी चावताना तिचा हात कानापाशी गेला, तेव्हा पकडली गेली.

आमच्या लॅबला काम देणाऱ्या डॉक्टरीणबाईंनी तिच्या कानापुढचा सांधा चाचपला. आई झोपेत दात आवळते, त्याचा ताण सांध्यावर येतो, म्हणाल्या. रात्री वरच्या दातांवर घालायचा स्प्लिंट करायचा ठरला. स्प्लिंट म्हणजे दातांवर बसणारी कडक, पारदर्शक खोळ. आईचा प्रश्न एकच होता: आश्विन पौर्णिमेला शेवटचं प्रकरण तरी वाचता येईल का? बाई म्हणाल्या, बघू. आईला ‘बघू’ हा शब्द अजिबात आवडत नाही.

पूर्वी मी स्प्लिंट हाताने करायचे. ठसा, प्लास्टर, मेण, मग दिवसभर घासणं. आता डॉक्टर छोटा स्कॅनर तोंडात फिरवतात, दात माझ्या स्क्रीनवर येतात, मी त्यांच्यावर स्प्लिंट रचते आणि प्रिंटर तो छापतो. मला या कामाचा गर्व आहे, खोटं कशाला बोलू? म्हणूनच भाव खायला आईबरोबर गेले आणि तिला खुर्चीत बसवताना म्हणाले, “घाबरू नको गं, नुसता कॅमेरा आहे.”

वरचे दात झाले, खालचे झाले. दोन्ही एकमेकांवर कसे बसतात ते घ्यायला बाईंनी जबडा सैल सोडून हळू मिटायला सांगितलं. आईने मिटला. लॅबमध्ये मी त्यावर स्प्लिंट रचला, तेव्हा स्क्रीनवर दात टेकण्याचे ठिपके सगळीकडे सारखे दिसत होते. मी तो छापला, चकचकीत केला आणि दिला.

तिसऱ्या सकाळी आईला चहासुद्धा जेमतेम पिता येत होता. नीट घालत नसशील म्हणून मी तिलाच बोलले. बाईंनी स्प्लिंट घालून, दात टेकतात तिथे खूण उमटवणारा निळा कागद चावायला देऊन पाहिला, तर खुणा फक्त शेवटच्या दाढांवर. स्प्लिंट घालणं लगेच बंद करायला सांगितलं.

लॅबमध्ये फाइल पुन्हा उघडली. वरचे आणि खालचे पुढचे दात टोकाला टोक लावून उभे होते. आईचे वरचे दात तर चांगले पुढे आहेत. असा जबडा मी रोज बघत होते, पण घरी, भिंतीवरच्या लग्नाच्या फोटोत. आईच्या प्रत्येक फोटोत खालचा जबडा असाच पुढे काढलेला असतो. झोपेत तो मागे गेला की या मापाचा स्प्लिंट फक्त दाढांवरच टेकणार. मी फाइलवरचा केस नंबर पाहिला होता, आईचं तोंड पाहिलंच नव्हतं. लाज वाटली.

घरी विचारलं तर ती सहज म्हणाली, “तूच म्हणालीस ना कॅमेरा आहे? मग मी तोंड नीट केलं. दात दिसले की लोक हसतात.”

पासष्टीची बाई. मला हसू आलं नाही.

दुसऱ्या स्कॅनच्या वेळी मी कॅमेऱ्याचं नावच काढलं नाही. बाईंनी स्क्रीन पलीकडे फिरवली. मी आईला विहारात म्हणतो ते त्रिशरण म्हणायला सांगितलं. तोंड कमी उघडत होतं, तरी तिने हळूहळू तीनदा म्हटलं आणि दम घ्यायला थांबली. जबडा आपोआप मागे, त्याच्या जागेवर आला होता. बाईंनी हनुवटीला अंगठा लावला आणि तेवढ्यात स्कॅन घेतला.

या वेळी नव्या स्प्लिंटवर निळ्या खुणा सगळ्या दातांच्या जागी सारख्या उमटल्या. दुखणं एका दिवसात गेलं नाही. पौर्णिमेच्या आठवड्यात मात्र आईने तोंड उघडून त्यात तीन बोटं उभी धरून दाखवली, आणि शेजारच्या बाईंकडून पुस्तक परत आणलं.

पौर्णिमेला विहार भरला होता. आई मध्ये न थांबता वाचत होती. वरचे दात चांगले दिसत होते आणि तिला त्याचं भान नव्हतं. मला ती फार सुंदर दिसली. फोटो काढायला मी फोन वर केला. तिचं लक्ष गेलं असतं तर जबडा पुन्हा पुढे आला असता.

मी फोन पर्समध्ये ठेवला आणि प्रकरण संपेपर्यंत ऐकत बसले.