झल्लाकच्या वाळूतली फुरात

खंडू दाभाडे बहरीनमध्ये अस्करच्या अॅल्युमिनियम कारखान्यात ड्राफ्ट्समन होता. अकरा वर्षं त्यानं पाइप आणि टाक्यांचे नकाशे काढले. शहाण्णव सालच्या एका गुरुवारी तो जिदहफ्सच्या घरी परतला, तर लेक श्रावस्ती रडवेली होऊन बसलेली. अनेक देशांतून वाहणाऱ्या एका नदीचा मार्ग शनिवारी वर्गात समजावून सांगायचा होता.

"पप्पा, आय हॅव नेव्हर सीन अ रिव्हर!"

खंडू चपापला. खरंच की! पोरगी बहरीनमध्येच जन्मली. गावी जायची ती मे महिन्यात, तेव्हा नदीच्या पात्रात पोरं क्रिकेट खेळत असत.

"उद्या दाखवतो," तो म्हणाला.

"अहो, कुठं?" रश्मीनं विचारलं.

"झल्लाकच्या किनाऱ्यावर. आपणच वाहवू!"

शेजारच्या हुसेननं हे ऐकलं आणि शुक्रवारी सकाळी पिकअपमध्ये पाण्याचं पिंप घालून तो हजर. त्याचे आजोबा गलबतानं बसऱ्याहून खजूर आणायचे. "नदी फुरातच पाहिजे," युफ्रेटिसचं अरबी नाव घेत त्यानं हिंदीत बजावलं, "तिचं पाणी आपल्याच समुद्राला मिळतं!"

एक पाऊल म्हणजे शंभर किलोमीटर, या हिशेबानं खंडूनं अठ्ठावीस पावलं मोजली. वर तुर्कस्तानचे गुडघाभर उंच डोंगर थापले. तिथून सीरिया, मग इराकचं सपाट मैदान, अशी वळणं घेत चर किनाऱ्यापर्यंत आला. शेजारून तैग्रिसचा दुसरा चर खणला. दोघी कुर्ना गावाशी भेटतात, पुढं त्यांची शत्त-अल-अरब होते आणि इराणकडून कारून येऊन मिळते, हे खंडूनं इतक्या जोरात सांगितलं की पोहणारी माणसंही बघायला आली.

"यल्ला!" म्हणत हुसेननं पाणी सोडलं.

वाळूनं ते गटागट पिऊन टाकलं.

"सीरियातच खलास!" हुसेन ओरडला आणि सगळे पोट धरून हसले.

रश्मीनं जेवायला अंथरलेलं प्लास्टिक उचललं, डबे वाळूवर ठेवले आणि चाकूनं त्याच्या पट्ट्या कापल्या. चरांना अस्तर लागलं. पुन्हा पाणी सुटलं. श्रावस्तीनं त्यात बाटलीचं झाकण टाकलं.

झाकण डोंगरातून निसटलं, सीरियात गिरकी घेऊन इराकात शिरलं. तिनं बादलीभर तैग्रिस ओतली. "आई, कारून! लवकर!" ती चक्क मराठीत किंचाळली. रश्मीनं कळशी उपडी केली. खंडू झाकणाबरोबर धावत, हातवारे करत सुटला, शेवटच्या वळणावर घसरला आणि इस्त्रीच्या पँटसकट समुद्रात पालथा पडला. झाकण त्याच्या कानाजवळून आखातात गेलं. उठायचं सोडून तो तिथंच लोळत हसत राहिला.

शनिवारी श्रावस्तीनं सगळी नदी न अडखळता सांगितली. बाईंनी विचारलं, "पाहिलीस कुठं?" तिनं खरं ते सांगितलं.

पुढच्या शुक्रवारी झल्लाकला श्रावस्तीच्या वर्गातल्या मुलांच्या घरच्या पाच गाड्या आल्या. दत्तप्रसाद नावाच्या बँकवाल्याच्या जुळ्या मुलींना नाईल हवी होती. खंडूनं जिदहफ्सच्या बाजारातून आणलेलं कोरं फावडं खांद्यावर टाकलं आणि तो पावलं मोजायला निघाला.