अंगणातले पाच गट्टू

नोकरीभर मी लोकांच्या जमिनी मोजल्या. त्यामुळे नातवंडांना वाफा करून द्यायचे ठरले, तेव्हा पहिल्या सकाळी मी दोन खुंट ठोकून सुतळी ताणली आणि बी या रेघेवरच पडले पाहिजे, असे बजावले. नात सहा वर्षांची, नातू चार वर्षांचा. नातीने काही दाणे रेघेवर टाकले. नातू सुतळीवरून उड्या मारू लागला. तिसऱ्या सकाळी दोघेही आले नाहीत.

घर लातूरला, मुलाचे. फाटकापासून पायऱ्यांपर्यंत काळ्या मातीची एक पट्टी मोकळी राहिली होती. ती मुलांना द्यावी, असे मीच सुचवले होते. मुलाने ‘हो’ म्हटले, तेव्हा त्याच्याकडे मोटार नव्हती.

मी सुतळी गुंडाळून ठेवली. मुलांना बोलावले नाही. मी एकटाच खुरपे घेऊन बसू लागलो. थोड्याच दिवसांत नात पायरीवर येऊन बसली.

“आबा, काय करायलाव?”

“माती मोकळी करतोय.”

“मी करू?”

“कर.”

त्यानंतर मी काही नियम ठरवले, पण ते मुलांसाठी नव्हते, माझ्यासाठी होते. मुले कंटाळण्याआधी काम थांबवायचे. त्यांनी केलेले त्यांच्यादेखत पुन्हा नीट करायचे नाही. शाबासकी द्यायची नाही. काम द्यायचे, आणि ते खरे असले पाहिजे. आमच्याकडे नळाचे पाणी रोज येत नाही. म्हणून तांदूळ आणि भाज्या धुतलेले पाणी वाफ्याला घालण्याचे काम मी त्यांच्याकडे सोपवले. एका दिवशी ते विसरले, तर झाडे तहानलेली राहिली. मी घातले नाही. दुसऱ्या दिवशी सुकलेली पाने त्यांनी स्वतः पाहिली, आणि पुढे विसरणे कमी झाले.

नातवाचा प्रश्न निराळा होता. पेरलेले बी उगवले का, हे पाहण्यासाठी तो ते रोज उकरून काढी. समजावून उपयोग झाला नाही. शेवटी मी त्याला कोपऱ्यातली हातभर जागा वेगळी करून दिली. तिथे काहीही पेरायचे नाही, फक्त उकरायचे. बाकीचा वाफा त्याच दिवशी सुरक्षित झाला. घाई असणाऱ्यांसाठी मेथी टाकली. ती लवकर उगवते. नातीने मात्र तूर मागितली.

“तुरीला लई वेळ लागतो,” मी म्हटले.

“किती?”

“येळवशीपर्यंत. शेंगा आल्या तर तुझ्या तुरीची भज्जी करू.”

वेळ अमावास्येला आमच्याकडे येळवस म्हणतात. त्या दिवशी लातूर ओस पडते. ज्याचे शेत आहे तो शेतात जातो आणि ज्याचे नाही तो दुसऱ्याच्या शेतात जेवायला जातो. कडब्याची कोप, म्हणजे लहानशी खोपटी, करून तिच्यात पाच दगड चुन्याने रंगवून मांडतात. ते पांडव, तीच शेताची लक्ष्मी. हिरव्या शेंगांतल्या दाण्यांची बेसन लावलेली भाजी, म्हणजे भज्जी, आणि ज्वारीच्या पिठाची ताकातली आंबील यांचा नैवेद्य दाखवतात. मग उभ्या पिकावर आंबील शिंपडत शेताला फेरी घालतात. सुनेचे माहेर कंधारजवळ आहे. मुले दरवर्षी तिथे हे सगळे पाहत आलेली.

तूर वाढली. दिवाळीच्या सुमारास ती नातीच्या डोक्यावर गेली आणि पिवळी फुले धरू लागली. त्याच सुमारास मुलाने मोटार घेतली. ती रस्त्यावर उभी राही, आणि कोणीतरी तिच्यावर ओरखडा काढला. दुसऱ्याच आठवड्यात फाटकाशी तांबड्या सिमेंटच्या गट्टूंची थप्पी येऊन पडली.

“अण्णा, पंधरा दिवसांत गवंडी येतोय,” मुलगा जेवताना म्हणाला. “समोर सगळीकडे गट्टू बसवून घेऊ. गाडी आत घेता येईल.”

मी भाकरी मोडत राहिलो. घर त्याचे होते. नात मात्र ताटावरून न उठता बापाकडे बघत होती.

“माझी तूर?”

“तुला कुंडी आणून देतो ना.”

“कुंडीत तूर येती का?” ती म्हणाली.

त्यानंतर घरातले ताक नाहीसे होऊ लागले. सकाळी घुसळून ठेवलेले दुपारी निम्मे झालेले असे. सुनेने मांजराला दोष दिला, पातेल्यावर पाट ठेवला, तरी ताक कमी होतच राहिले. “मामा, हे मांजर पाट उचलायलंय,” ती मला म्हणाली. मला तिच्या बोलण्यापेक्षा वाफ्यातल्या मुंग्या अधिक सांगून गेल्या. तुरीच्या बुडाशी माती पांढुरकी झाली होती आणि आंबूस वास येत होता.

दुपारी मी पायरीवर बसून राहिलो. दोघे मागच्या दाराने आले. नातीच्या हातात तांब्या, नातू पुढे पहाऱ्यावर. मला पाहून तो ओरडला, “ताई, पळ! आबा हायत!”

ती पळाली नाही. तांब्याही लपवला नाही.

“काय करायलीस?” मी विचारले.

“आंबील द्यायलेय. मामाच्या शेतात देतात. मग पीक लई येतं.” थोडे थांबून ती म्हणाली, “गवंडी यायच्या आधी शेंगा यायला पाहिजेत.”

मी तिला सांगितले की आंबील पिकाला घाई करण्यासाठी नसते. पिकाने दिल्यावर ती द्यायची असते, वर्षातून एकदा.

“अन् दिलं नाही तोपर्यंत?”

“तोपर्यंत वाट बघायची.”

“पप्पा बघतील का?”

तांब्यात उरलेले ताक मी तिला घरात ठेवायला लावले आणि ताकाची हकीकत आईला स्वतः सांगण्यास बजावले. तिने सांगितली. सून रागवायला गेली आणि तिला हसू आले; रागवणे राहूनच गेले.

रात्री जेवण झाल्यावर मी मुलाला म्हटले, “येळवशीपर्यंत थांब.”

“अण्णा, चार शेंगांसाठी? बाजारात ढीग पडलेत.”

“मी तिला सांगितलंय. येळवशीला भज्जी होईल म्हणून.”

“तुम्ही सांगितलं?”

“हो.”

मी त्याला लहानपणी फार थोडी वचने दिली होती. दिली ती पाळली होती, हे त्याला माहीत होते. तो म्हणाला, “बरं. पण दुसऱ्या दिवशी गवंडी येणार म्हणजे येणार.” मी मान हलवली. हे मी नातीलाही जसेच्या तसे सांगितले. तिने विचारले, “दुसऱ्या दिवशी ना? येळवशीला नाही?” मी ‘नाही’ म्हटले.

येळवशीला कंधारला निघण्यापूर्वी सकाळी वाफ्याची पूजा करायची, असे दोघा नातवंडांनी परस्पर ठरवले होते. शेंगा भरल्या होत्या. पातेलीभर भज्जी होईल एवढ्या. कडबा नव्हता, म्हणून तुळशीजवळच्या वाळक्या काड्यांची कोप उभी राहिली आणि नातवाने ती दोनदा पाडली. मग पांडवांचा प्रश्न आला. शहरात अंगणात दगड कुठून येणार? नातीने इकडेतिकडे पाहिले आणि थप्पीवरचे गट्टू भावाच्या मदतीने एकेक उतरवले. मी चुना कालवून दिला. हात लावू दिला नाही, कुंचला दिला.

“गट्टूचे पांडव?” सून म्हणाली.

“दगडच आहेत की,” नात म्हणाली.

पाच गट्टू पांढरे झाले आणि तुरीच्या ओळीपुढे मांडले गेले. पूजा घरच्या कर्त्याने करायची असते. मी वय सांगून मुलाला पुढे केले. तो निघायच्या घाईत आलेला, हातात मोटारीची किल्ली. त्याने किल्ली खिशात टाकली, हळद-कुंकू वाहिले, नारळ फोडला, भज्जीचा नैवेद्य दाखवला. मग आंबिलीचे मडके घेऊन तुरीभोवती फेरी घातली. नातू मागून मामाच्या शेतात शिकलेली आरोळी ठोकत होता. शेजारचे गच्चीवरून पाहत होते. मुलगा जरा ओशाळला होता, पण फेरी त्याने अर्धी सोडली नाही. नंतर आम्ही कंधारला गेलो.

दुसऱ्या दिवशी गवंडी आला. त्याने दोरी धरली, माप घेतले आणि तुरीपाशी येऊन थांबला.

“साहेब, हे पाच उचलू का?”

मुलगा तिथेच उभा होता. शेतात मांडलेले पांडव कोणी हलवत नाही. पुढल्या येळवशीला त्यांनाच पुन्हा चुना लावतात. हे त्याला मी कधी सांगितले नव्हते; ते त्याने लहानपणी आमच्या गावी पाहिले होते. शिवाय आदल्या दिवशी कुंकू त्याच्याच बोटांनी लागले होते. नात पायरीवर बसली होती.

“राहू दे ते,” तो म्हणाला. “तेवढं सोडून बसव.”

“मग गाडी?”

“बसव म्हणलं ना.”

गट्टू बसले. वाफा राहिला, थोडा आखूड झाला. नातवाच्या उकरण्याच्या जागेत एक कोपरा गेला, त्याबद्दल तो दोन दिवस रुसला. आता मोटार आत येते, पण तिचा मागचा भाग फाटकाबाहेर राहतो आणि फाटक पुरते लागत नाही. संध्याकाळी मुलगा गाडी लावून उतरतो, पुढचे चाक पांडवांना लागत नाही ना, हे वाकून पाहतो आणि घरात येतो.

खालच्या शेंगा आम्ही वाळू दिल्या. त्या नातीने सोलल्या आणि दाणे डब्यात भरून ठेवले आहेत. परवा तिने माझ्याकडे सुतळी मागितली. कशाला, असे मी विचारले नाही. काढून दिली.