माझ्या नावानं रुजू झालेली बाई

कुणी आपलीच माहिती आपल्याला सांगितली म्हणून तो आपला होत नाही, हे मला वेळेवर कुणी शिकवलं नाही. डी.एड.ला फळ्यावर वळणदार अक्षर काढायला शिकवलं, आणि दारात आलेल्याला आधी पाणी द्यायचं हे घरच्यांनी. भामट्याला ओळखायचं कसं, ते कुणाच्याच अभ्यासक्रमात नव्हतं.

नव्वदच्या दशकातली गोष्ट. माझं माहेर काष्टी, सासर कोपरगावजवळचं एक खेडं. लग्नात नवऱ्यानं ताटातल्या तांदळावर अंगठीनं माझं नवं नाव लिहिलं आणि सगळ्यांना भारी कौतुक वाटलं. आडनाव गेलंच, पाळण्यातलं नावही गेलं. डी.एड.चं प्रमाणपत्र मात्र जुन्या नावाचं, आणि शिक्षिकेच्या नोकरीचा अर्जही त्याच नावाचा.

एके सकाळी खिशाला पेन लावलेला एक गृहस्थ आला. भरतीच्या कचेरीतून आलोय म्हणाला. माझी शाळा कोणती, वडील काय करतात, थोरल्या बहिणीला कुठं दिलंय, सगळं घडाघडा बोलला. मग माझ्या प्रमाणपत्राचे कागद मागितले. सासूबाईंनी चहा टाकला.

"तुज्या माहेरचाच हाय गं," त्या म्हणाल्या. "दे की कागद."

अस्सल कागद तपासायला लागतात, उद्या परत आणून देतो, असं त्यानं सांगितलं. मी दिले.

त्याला ही माहिती कुठं मिळाली असेल? काष्टीच्या बाजारात, दुसरं कुठं! आमचे लोक बैल विकताना त्याची खोड लपवतील, पण लेकीची सगळी कुळकथा अनोळखी माणसाला फुकट सांगतील, वर चहा पाजतील. अजून माझं डोकं फिरतं.

तो पुन्हा दिसला नाही. काही महिन्यांनी यादी लागली म्हणून मी नगरला गेले. कारकुनानं कागद चाळले. "या बाई अकोले तालुक्यातल्या शाळेत रुजू झाल्यात की."

"अहो, ती बाई मीच!"

"कशावरून?" त्यानं माझं रेशनकार्ड पाहिलं. "यावर तर भलतंच नाव आहे."

घरी आल्यावर सासूबाई म्हणाल्या, "शिकल्याली हायेस ना? मंग दिलेच कशाला?" चोर सोडून संन्याशाला फाशी!

मी नवऱ्याला घेऊन एसटीनं थेट त्या शाळेत गेले. मैदानात कडक इस्त्रीच्या साडीतली एक बाई मुलांना रांगेत उभं करत होती. मी माझ्या माहेरच्या नावानं हाक मारली, चांगली मोठ्यानं. तिनं वळून "ओ" दिली. माझ्या अंगाची लाही लाही झाली. मी तिला मुख्याध्यापकांसमोर ओढत नेलं, सगळं सांगितलं. ती पांढरीफटक पडली. मुख्याध्यापकही तिच्याकडे संशयानं बघायला लागले.

तेवढ्यात माझा आवाज फार चढला म्हणून नवऱ्यानं माझा दंड धरला आणि समजुतीच्या सुरात मला हाक मारली. सासरच्या नावानं.

मुख्याध्यापकांनी एकदा त्याच्याकडे, एकदा माझ्याकडे पाहिलं. "बाई," ते म्हणाले, "तुमचे मालकच तुम्हाला दुसऱ्या नावानं बोलावतायत. मी काय करू?"

मी नवऱ्याचा हात झिडकारला. त्या नावाला मी आजतागायत ओ दिलेली नाही.